चौथा रकाना

शर्टांच्या कारखान्याच्या फाटकाशी सकाळपासून रांग लागली होती, आणि ती पगाराची नव्हती. दोरेबाबा स्टुलावर बसून एकेका मनगटाला दोरा बांधत होते.

चमत्कारच तसा होता. कारखान्याच्या वर्धापनदिनाला सगळ्यांना जेवण होतं. दुसऱ्या दिवशी त्र्याऐंशी कामगार जुलाब, उलट्या आणि तापाने आडवे झाले. पण आधीपासून बाबांचा दोरा बांधलेले अकरा जण ठणठणीत! "ज्याच्या मनगटी दोरा, त्याचा रोगाला दरारा!" बाबा गर्जत होते. यमक जुळलं की लोकांना पुरावा लागत नाही.

आरोग्य खात्याच्या नर्सबाई आतल्या कँटीनमध्ये बसून प्रत्येकाला एकच विचारत होत्या. कारखान्याने त्यांचं नावच 'काय-खाल्लंबाई' ठेवलं होतं.

"आजारी सोडून धडधाकटांना कशाला छळता?" सुपरवायझर वैतागला.

"जो घसरला नाही तो कुठून चालला, तेही कळायला हवं ना?"

तेच खरं कळीचं होतं. दोरेवाल्यांना एकवीस दिवस बाहेरचं अन्न वर्ज्य होतं. म्हणजे ते जेवलेच नव्हते! पाळीवरचे सहा पहारेकरीही जेवले नव्हते. त्यांना दोरा नव्हता, तरी तेही ठणठणीत. आजारी पडलेल्या सगळ्यांनी कस्टर्ड खाल्लं होतं. आचारी कबूल झाला, की ते अर्धंकच्चं, अंड्यांचं, रात्रभर फ्रिजबाहेर होतं.

बाईंच्या कागदावर चार रकाने होते. तीन भरले. चौथा उरला: दोरा आहे आणि जेवलाही.

दोरेवाल्यांपैकी इस्त्रीवाला शेवटी आला. मनगट रिकामं, चेहरा पांढराफटक.

"दोरा होता ना तुम्हाला? जेवलात का, दादा?"

"नाही, ताई. दोरा होता. कुठेतरी पडला असेल." आणि भिंतीला धरून तो निघून गेला. बाईंना शंका आली होती, पण बाहेर अजून वीस जण बसले होते. त्यांनी चौथ्या रकान्यात शून्य लिहिलं. त्या शून्याबद्दल त्यांनी स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपलं ऑफिस उघडलं, तर तो दारात उभा होता.

"ताई, मी खोटं बोललो. मी जेवलो होतो. धाकटीसाठी डब्यातून कस्टर्डही नेलं. ती डोळे उघडत नाहीये."

"दवाखान्यात का नाही नेलंत?"

"डॉक्टर विचारतील, काय खाल्लं. बाबा म्हणाले होते, दोरा बांधून बाहेरचं खाल्लं तर घर बुडेल. माझा दोरा काढून तिला बांधला."

दोन खोल्यांच्या घरात पोरगी खाटेवर पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे पडलेले. चिमटा काढला तर कातडी तशीच उभी राही. साधं मीठ-साखरेचं पाणीसुद्धा कुणी पाजलं नव्हतं. बाईंनी तिला उचलून रिक्षात घातलं. दुपारी ती गेली.

तिसऱ्या दिवशीही फाटकाशी रांग होतीच. बाईंनी प्रयोगशाळेचा अहवाल मोठ्याने वाचला: कस्टर्डमध्ये आणि रुग्णांच्या शौचात एकच जंतू. दोऱ्याने कुणालाच वाचवलं नव्हतं, न जेवण्याने वाचवलं होतं.

"आणि ती पोरगी?" बाबा शांतपणे म्हणाले. "श्रद्धा कमी पडली."

गर्दीतून इस्त्रीवाला पुढे आला. मुठीतला दोरा त्याने बाबांच्या मांडीवर टाकला.

"श्रद्धा कमी नव्हती, बाबा. पाणी कमी पडलं. तुम्हाला भिऊन मी लेकरू मारलं." मग तो रांगेकडे वळला. "दोरा बांधायचाच तर बांधा. पण पोराला जुलाब लागले तर आधी पाणी पाजा, दवाखाना गाठा. आणि या ताई काय खाल्लं विचारतील, तेव्हा खरं सांगा. एवढंच करा."

रांगेतल्या पहिल्या बाईने पुढे केलेला हात मागे घेतला. तिच्या मागच्या माणसाने मात्र आपला पुढे केला.

बाईंनी जुन्या कागदावरचं शून्य खोडून एक लिहिला. मग नवा फॉर्म काढून त्या हात पुढे करणाऱ्या माणसापाशी गेल्या.

"दादा, वर्धापनदिनाला काय खाल्लंत?"