उषाबाईंच्या यादीचा राखणदार

मी कुंभार पिंपळगावातल्या एका घरचा कॉम्प्युटर बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, आतला पंखा घरघरतो तेवढंच. पण सांगितल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही.

दोन हजार एक साली बद्रीनाथ गुरुजींनी मला गोधडीत गुंडाळून जालन्याहून जीपनं आणलं. गुरुजींची नोकरी परगावी. घरात त्यांच्या आई द्वारकाबाई, धाकटा भाऊ वसंता आणि बायको उषाबाई. द्वारकाबाईंनी मला हळदकुंकू लावलं, वसंतानं पत्त्यांचा खेळ लावला. खरं काम दिलं ते उषाबाईंनी. त्या आरोग्यसेविका. टीबीची औषधं घेणाऱ्या माणसांची यादी त्या एका बोटानं माझ्यात उतरवायच्या. नाव, गाव, गोळ्या कधीपासून, बरं वाटलं की नाही.

मग वसंताला एक मुलगी पसंत पडली. उषाबाईंच्याच आरोग्य केंद्राखालच्या गावातली. कुणीतरी द्वारकाबाईंच्या कानावर घातलं, पोरगी दोन वर्षांमागं लई खोकत होती.

"तुझ्या यादीत तिचं नाव हाय का, तेवढं सांग," द्वारकाबाई सुनेला म्हणाल्या.

"आत्याबाई, हाय बी म्हणता येत न्हाई अन् न्हाई बी म्हणता येत न्हाई. लोकं माझ्या भरोशावर नाव सांगतेत."

"घरच्यापासून काय चोरायचं?"

त्याच संध्याकाळी उषाबाईंनी मला पासवर्ड घातला. "आता बिलकुल फिकीर न्हाई," स्वतःशीच म्हणाल्या.

फिकीर मला लागली. पासवर्ड विचारणारी ती चौकट नुसती दिसायला होती. शेजारचं 'कॅन्सल' दाबलं की मी सगळं उघडून दाखवायचो. माझी घडणच तशी. हे उषाबाईंना सांगणार कोण? कुणी बटणाजवळ हात नेला तरी माझा जीव वरखाली व्हायचा.

बाजाराच्या दिवशी दुपारी घर रिकामं होतं. वसंता माझ्यासमोर येऊन बसला. भावाचं नाव टाकलं, देवाचं टाकलं, वहिनीच्या माहेरचं गाव टाकलं. मी तीनदा नाही म्हणालो आणि तिन्ही वेळा मला हायसं वाटलं. शेवटी तो कंटाळला. "जाऊ दे," म्हणत त्यानं कॅन्सल दाबलं. उठायलाच निघाला होता बिचारा.

मी उघडलो.

नाव होतं. त्यापुढं लिहिलेलं, औषधं पूर्ण, बरी. वसंता त्या ओळीवर बोट ठेवून कितीतरी वेळ बसला. उषाबाई दारात आल्याचं त्याला कळलं नाही.

"काय बघून राह्यले, भाऊजी?"

तो दचकला. "वैनी, बरी झाली ती. माझं काही म्हणणं न्हाई. मायला सांगतो, नाव न्हाई म्हणून."

"तुमचं म्हणणं कुणी इचारलं? माझ्या घरातून तिची गोष्ट फुटली. मला तिला सांगावं लागंल."

"काहून सांगता? लग्न मोडंल."

"मोडू द्या."

दुसऱ्या दिवशी त्या जाऊन आल्या. चपला न काढताच माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. वसंता दाराला टेकून उभा.

"ती म्हणली, त्यांनी मला इचारलं असतं तर मीच सांगितलं असतं."

"मंग?"

"मंग काय. चोरून पाहणाऱ्याच्या घरात येणार न्हाई म्हणली."

वसंता नंतर दोनदा तिच्या गावी गेला. दोन्ही वेळा तिनं बसायला सांगितलं, चहा दिला आणि तेच उत्तर दिलं. द्वारकाबाईंना लग्न का मोडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. उषाबाईंनी माझ्यातली यादी पुसली आणि पुन्हा वहीत लिहून कपाटाला कुलूप घातलं.

आता गुरुजी मला विकायचं म्हणतात. तेव्हापासून माझी तगमग वाढली आहे. पुसलेलं सगळंच जात नाही हो. जाणत्या माणसानं खरवडलं तर अजूनही बाहेर येतं. म्हणून हात जोडतो, विकण्याआधी माझी हार्ड डिस्क काढा आणि फोडून टाका. त्यात माझाही शेवट होईल, होऊ द्या.

त्या मुलीचं नाव मी तुम्हाला सांगितलेलं नाही, गावही नाही. एवढं तरी माझ्याकडून राखलं जाऊ द्या.