परत आलेला डबा

साप्ताहिकाच्या कचेरीत तिला सगळे आत्या म्हणत. खरी आत्या ती फक्त संपादकाच्या मुलांची. पण शाळा सुटली की ती मुलं थेट कचेरीत येऊन तिच्या टेबलाखाली दप्तरं फेकत, आणि तिथूनच ते नाव साऱ्यांच्या तोंडी बसलं. धाकटा भाऊ संपादक, थोरली बहीण खाण्याच्या पानावर. घरचीच माणसं भरली म्हणून लोकांनी आधी नाकं मुरडली, पण तिचं पान वाचल्यावर गप्प बसले. मोठ्या दैनिकांना हॉटेलवाल्यांच्या जाहिराती असत, त्यामुळे तिथे सगळंच चविष्ट असे. आत्या शिळ्याला शिळं म्हणे. हॉटेलात गेली की स्वतःच्या ताटाआधी ती मुदपाकखान्यात परत जाणारी ताटं बघे. "माणूस तोंडदेखलं बोलतो," ती म्हणायची, "उष्टं ताट बोलत नाही."

राजकारणाचं पान वकिलाकडे होतं. वकिलीचं शिक्षण अर्धवट सोडून आलेला, म्हणून नुसता नावाचा वकील. आईबाप लवकर गेलेले, लग्न नाही, दुपारचं जेवण आत्याच्या डब्यात. कांद्याची एकेक फोड वेचून तो डब्याच्या कडेला रचून ठेवायचा.

"अरे, मंत्र्यांची भाषणं तरी इतकी निरखून वाचतोस का?"

"भाषणात इतकंसुद्धा सापडत नाही, आत्या."

ती तरी कांदा घालायची थांबली नाही आणि तो वेचायचा.

सरकारी धान्याचं गोदाम जळालं तेव्हा साऱ्या दैनिकांनी ज्वाळांचे फोटो छापले. वकील मात्र राख बघायला गेला. राखेत धान्य नव्हतंच. ते आधीच विकलं गेलं होतं आणि विकणारा मंत्र्याचा मेव्हणा होता. हे छापून आलं आणि त्याच आठवड्यात भर दुपारी पोलिसांची गाडी दारात उभी राहिली. वकील मुद्रितं तपासत होता. "चौकशी आहे, संध्याकाळपर्यंत सोडतो," साहेब म्हणाले. वकिलाने पेन्सिल कानामागून काढून आत्याच्या हातात दिली. "शेवटचा परिच्छेद राहिलाय, बघून घे."

संध्याकाळी कोणी सोडलं नाही. त्याला अशा कलमाखाली धरला होता की जामिनाची भाषाच नको. भेट बंद. संपादक कोर्टाच्या पायऱ्या झिजवू लागला. एवढंच कळलं की नात्यातल्या माणसाला रोज एक डबा देता येईल.

"नातं काय?" कोठडीच्या फाटकावरच्या पिकल्या मिशांच्या हवालदाराने विचारलं.

"थोरली बहीण," आत्याने ठोकून दिलं.

नियम असा, की आणणाऱ्याने आधी प्रत्येक पदार्थातला घास खायचा. जिच्या जिभेला हॉटेलवाले टरकून असत, ती रोज त्या फाटकाशी उभं राहून आपलाच स्वयंपाक चाखू लागली. संध्याकाळी रिकामा डबा घ्यायला पुन्हा जायची.

पहिले काही दिवस डबा चाटूनपुसून परत आला. कडेला कांद्याच्या फोडी तेवढ्या ओळीने रचलेल्या. आत्या घरी येऊन भावाला म्हणाली, "ठीक आहे पोरगा."

मग एके दिवशी रस्सा संपलेला आणि पाव तसाच. दुसऱ्या दिवशी भाजीतलं पाणी तेवढं प्यालेलं, मटणाच्या फोडींना हात नाही. एका फोडीवर दातांची पुसट खूण होती, पण तुकडा तुटला नव्हता. आत्या डबा मांडीवर घेऊन बसून राहिली.

"त्याला चावता येत नाहीये," ती भावाला म्हणाली. "जबडा फोडलाय रे त्याचा."

भावाने कोर्टातला खरा वकील गाठला, अर्ज केला. साहेबांनी उत्तर दिलं की कैदी धडधाकट आहे, घरचा डबा आवडीने खातो.

आत्या आता मऊ भात, गाळलेलं सूप नेऊ लागली. तरी त्यात चमचाभर बारीक कांदा परतून घालायचीच. तो फोडी बाजूला काढतो आहे, एवढं दिसलं तरी तिला रात्री डोळा लागे. आणि एका संध्याकाळी डबा लख्ख रिकामा आला. भात गेला, सूप गेलं, कांदाही गेला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तिने मुद्दाम जाड चिरलेला कांदा आणि मटणाचे मोठे तुकडे भरले. डब्यात फक्त हाडं परत आली, स्वच्छ चोखलेली.

ती कचेरीत येऊन भावासमोर उभी राहिली. "तो आत नाहीये. दुसराच कोणीतरी जेवतोय."

"आत्या, कोर्टात हे कोण मानेल? कांद्यावरून?"

"कोर्टाचं तू बघ. मला माझं पान दे."

भावाने दाराकडे पाहिलं. बाहेर त्याची मुलं दप्तरं टाकून भांडत होती. "मलाही उचलतील," तो म्हणाला.

"मग तुलाही डबा आणीन," आत्या म्हणाली, आणि म्हटल्यावर तिलाच रडू फुटलं. भावाने उठून दार लावलं. पान मात्र छापायला दिलं.

त्या आठवड्यात खाण्याच्या पानावर हॉटेल नव्हतं. रोज डब्यात काय गेलं आणि काय परत आलं, एवढंच. एक विशेषण नाही, कोणावर आरोप नाही. दुपार व्हायच्या आत अंक संपले. लोक एकमेकांना वाचून दाखवत होते. न्यायाधीशांनी कैद्याला समोर आणा म्हणून फर्मावलं, तेव्हा कुठे पोलिसांना आठवलं, की तो कधीच इस्पितळात हृदयविकाराने गेला आहे. नातेवाइकांचा पत्ता लागला नाही, म्हणून कळवता आलं नाही! पत्ता न लागलेली ही थोरली बहीण रोज दोन वेळा त्यांच्याच फाटकाशी उभी होती.

शवागारात आत्याच गेली. चादर बाजूला केल्यावर तिने आधी जबडा पाहिला. मग त्याच्या कपाळावरचे केस सारखे केले.

अंत्यसंस्कारानंतर पिकल्या मिशांचा हवालदार तिच्या घरी आला. गणवेश नव्हता. उंबऱ्यातच उभा राहिला.

"मला हुकूम होता, बाई. डबा रिकामा करूनच परत द्यायचा. टाकून द्या म्हणाले." तो थांबला. "माझ्याच्याने टाकवलं नाही. अन्न होतं."

"कोर्टात सांगाल एवढं?"

"घरी तीन पोरी आहेत." त्याने हात जोडले आणि निघून गेला. आत्याने त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं.

वकिलाच्या मरणाचा खटला उभा राहिला आणि तारखांवर तारखा पडू लागल्या. साहेबांना बढती मिळाली. साप्ताहिकाला मिळत त्या नाटकाच्या आणि गाण्याच्या जाहिरातीही बंद झाल्या, अंक निम्म्या पानांचा झाला. संपादकाला उचललं नाही. पण मुलांना तो आता कचेरीत येऊ देत नाही.

एकदा त्याने विचारलं, "खाण्याचं पान पुन्हा सुरू करू या का? लोक विचारतात."

"गाण्यावर लिहितो त्याला दे. त्यालाही तोंड आहे," आत्या म्हणाली. ती छत्री शोधत होती. "मंत्र्याच्या मेव्हण्याची आज साक्ष आहे. लवकर गेलं नाही तर पुढे बसायला मिळत नाही."