देखाव्यातलं दार

देवव्रतांना भाषणाला माइक लागत नसे, आणि निमित्तही लागत नसे. यंदा तर निमित्त घरचंच होतं. त्यांची मुलगी गार्गी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका विद्यापीठात शिकत होती आणि तिथल्या जुन्या इमारती पाहुण्यांना दाखवायचं काम तिला मिळालं होतं. पांढरे खांब, गुलामांनी भाजलेल्या विटा, आणि ते दार, जिथे साठेक वर्षांपूर्वी पहिल्या काळ्या विद्यार्थिनीला एका अधिकाऱ्यानं अडवलं होतं. व्हिडिओ कॉलवर ते दार पाहून देवव्रतांचे डोळे भरून आले. ते पुसायच्या आतच त्यांनी कतारमधल्या, दोहातल्या आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या देखाव्याला तेच दार ठरवून टाकलं.

ठरवायला त्यांचं काय जात होतं? बांधायचं होतं जालिंदरला. बीडकडचा हा सुतार शहराबाहेरच्या 'बरवा अल बराहा' या कामगार वस्तीतल्या खोलीत राहायचा. तीन शुक्रवारच्या सुट्ट्या त्यानं प्लायवुड कापण्यात घालवल्या आणि देवव्रतांनी खुर्चीत बसून मार्गदर्शन करण्यात.

"अधिकाऱ्याच्या पुतळ्याचा हात आडवा हवा," ते म्हणाले. "त्याशिवाय अन्याय कळत नाही."

"ती पोरगी मंग गेली का आत?"

"गेली तर! इतिहास आहे तो!"

"मंग दार उघडाय पायजे. बिजागऱ्या लावतो."

स्थापनेच्या संध्याकाळी देवव्रत हॉलच्या दारात यादी घेऊन उभे राहिले. जागा कमी, म्हणून प्रवेश फक्त कुटुंबांना, एकट्या पुरुषांना नाही. हा नियम त्यांनीच लिहिला होता, आणि त्यातल्या शुद्धलेखनाचा त्यांना फार अभिमान होता.

जालिंदर इस्त्रीचा शर्ट घालून आला.

"अरे, आज फक्त फॅमिली," देवव्रत प्रेमानं म्हणाले. "शेवटच्या दिवशी ये. आवरायला माणूस लागेलच, तेव्हा निवांत बघ."

"बरं साहेब. बिजागरी वाजत न्हाई ना?"

तेवढ्यात गार्गीचा फोन आला. देवव्रतांनी कॅमेरा आत वळवला. कुणाचं तरी पोर देखाव्यातलं दार उघडत-मिटत होतं.

"वॉव बाबा! हू मेड इट?"

'आम्ही' हा शब्द त्यांच्या ओठांवर आलाच होता. "हा जालिंदर," म्हणत त्यांनी फोन बाहेर फिरवला. स्क्रीनवर जालिंदर दिसला. त्याच्यापुढे यादी धरलेला एक हात आडवा होता. असा आडवा हात आपण कुठे पाहिलाय, हे आठवायला देवव्रतांना जरा वेळ लागला. मग त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, तो आत का नाही?"

देवव्रतांनी यादीकडे पाहिलं. जालिंदरनंच त्यांना सांभाळून घेतलं. "ताई, जागा कमी हाय."

देवव्रत उंबरा ओलांडून बाहेर आले. "आता झाली एकाची. जा आत."

जालिंदर हलला नाही. "साहेब, खाली गाडीपाशी आनखी चौघं हायेत. इटा त्यांनी रंगवल्यात."

देवव्रतांनी यादीची घडी करून खिशात घातली, हॉलकडे तोंड केलं आणि आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण केलं.

"सरका रे जरा!"