ऐंशीच्या वर नाही

रात्रभर वायर लावून ठेवली होती, आणि सकाळी आठ वाजता गाडीच्या पडद्यावर आकडा काय, तर ऐंशी! ड्रायव्हरबाईंचं डोकं तिथेच सणकलं. लॉजच्या मॅनेजरला त्यांनी काउंटरवरून उठवून पार्किंगमध्ये आणलं आणि फैलावर घेतलं.

"वायर काय नुसती शोभेला लावली होती का? रात्रभरात एक गाडी भरत नाही तुमची वीज?"

मॅनेजर बिचारा चष्मा पुसत ऐकून घेत राहिला. मग आत वाकून त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "बाई, आमची वीज चालूच आहे. तुमची गाडीच नको म्हणतेय. हे बघा, मालकाने मर्यादा घातलीय."

मालक म्हणजे बाईंचे चिरंजीव. आई निवृत्त झाली तेव्हा त्यांनी ही इलेक्ट्रिक गाडी घेऊन दिली, पण तिची वेसण मात्र स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवली. गाडी कुठे आहे, किती भरलीय, किती वेगाने पळतेय, सगळं त्यांना बसल्या जागी दिसायचं. बत्तीस वर्षं चाळीस-चाळीस माणसांची बस हाकलेल्या बाईला हे कळलं तेव्हा त्या आठवडाभर लेकाशी बोलल्या नव्हत्या. मॅनेजरची माफी मागताना त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि तो सगळा ताप त्यांनी फोनवर ओतला.

"ऐंशीची मर्यादा कुणी घातली?"

"मी," चिरंजीव म्हणाले. "अगं आई, रोज शंभर टक्के भरली की बॅटरी लवकर म्हातारी होते."

"आणि मी? मी इथे उभ्या उभ्या म्हातारी होतेय! काढ ती मर्यादा. आणि वेगाचीही काढ. काल दिवसभर गाडी ऐंशीच्या वर जायलाच तयार नव्हती. मला वाटलं बिघडली."

"वेग तुमच्या काळजीपोटी ठेवलाय. फिरायलाच निघालाय ना तुम्ही दोघं? एवढी घाई कसली?"

बाईंनी शेजारी पाहिलं. मास्तर हात हलवून नको नको म्हणत होते.

"घाई आहे म्हणजे आहे!"

"मग मर्यादा आहे म्हणजे आहे. आई, मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू." आणि फोन बंद.

मास्तर म्हणजे बाईंचे कंडक्टर. बावीस वर्षं दोघांनी एकाच रूटवर काढली. मास्तरांची एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. त्यापलीकडे फारसं बोलायची गरज कधी पडली नाही. माणूस हाडाचा सरळ, पण सरळपणाही किती असावा? नऊ वर्षांपूर्वी त्यांनी भरल्या बसमधून स्वतःच्या मुलीला खाली उतरवलं होतं. पास आदल्या दिवशी संपलेला, पर्स घरी राहिलेली, आणि पोरीची प्रवेश परीक्षा. पुढच्या स्टॉपवर मैत्रीण चढेल, ती तिकीट काढेल, एवढंच ती सांगत होती. नियम सगळ्यांना सारखा, असं म्हणून मास्तरांनी दोन बेल दिल्या आणि बाईंनी बस काढली. परीक्षा बुडाली. महिन्याभरात पोर मावशीकडे निघून गेली, ती गेलीच. बापाशी नऊ वर्षांत एक शब्द नाही.

आता ती कायमची परदेशी चालली होती. तीन दिवसांपूर्वी मावशीकडून निरोप आला: बाबांना यायचं असेल तर शनिवारी दोनपर्यंत मी घरी आहे, त्यानंतर माझ्यासाठी हा विषय संपला. इतक्या ऐनवेळी कशाचीच तिकिटं मिळेनात, तेव्हा बाई म्हणाल्या, मी नेते. अकराशे किलोमीटर. मास्तरांची एकच अट होती, कारण कुणाला सांगायचं नाही. बाईंना ती अट सोयीचीच होती. त्या दिवसाबद्दल बोलायला त्यांनाही नको होतं.

आज शनिवार. पुढे तीनशे ऐंशी किलोमीटर होते. भरलेल्या गाडीने न थांबता झाले असते, ऐंशी टक्क्यांत होणार नव्हते.

महामार्ग मोकळा, सरळ, जणू भरधाव पळण्यासाठीच केलेला. आणि बाई त्यावर ऐंशीने! विटांनी भरलेला ट्रक त्यांना मागे टाकून गेला. मग गुरांची गाडी गेली, त्यातली गुरंसुद्धा मागे वळून बघतायत असं बाईंना वाटलं. पाय खाली दाबला तरी आकडा हलेना.

"पोटचा पोर नाही, ब्रेक आहे ब्रेक!" त्यांनी स्टेअरिंगवर थाप मारली. "मास्तर, मावशीला फोन लावा. अर्धा तास थांब म्हणावं."

"तिने दोन सांगितलेत. सवलत मागायचं तोंड नाही मला."

"मग नंबर द्या, मी मागते."

मास्तरांनी मोबाईल शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. बाईंनी दातांवर दात दाबले आणि गाडी चालवत राहिल्या.

साडेअकराला चार्जिंगला थांबावंच लागलं. तीन मशीनपैकी दोन बंद, चालू असलेल्यावर एक कुटुंब सावकाश डबे उघडून जेवत बसलेलं. बाई येरझाऱ्या घालत होत्या. लेकाला तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा तो उचलला गेला नाही, उलट मेसेज आला: "विश्रांती घेताय ते छान. पाणी पीत राहा." बाईंनी फोन पर्समध्ये असा आदळला की आतला आरसा फुटला. तिथून निघायला एक वाजला, आणि अजून सव्वाशे किलोमीटर बाकी होते.

मावशीच्या दारात गाडी लागली तेव्हा पावणेतीन झाले होते.

मावशी फाटकातच उभी होती. "थांबली होती हो ती," ती म्हणाली. "दोन झाले, सव्वादोन झाले. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. अडीचला गेली. विमानतळ चाळीस किलोमीटरवर आहे, सामान देऊन आत जायला तिला अजून तासभर लागेल."

मास्तर खाली उतरले होते. त्यांनी घराकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "दोन म्हणजे दोन. उशीर आपल्याला झाला. चला बाई, परत जाऊ."

फोन वाजला. चिरंजीव. "पोचलात? बघ, सुखरूप की नाही?"

"मास्तरांची मुलगी निघून गेली!" बाई ओरडल्या. मग जे नऊ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी एका दमात सांगितलं: बस, पास, परीक्षा, आजचे दोन.

"आई," लेक हळू आवाजात म्हणाला, "सकाळी मी विचारलं होतं की घाई कसली. एकदा सांगायचंस."

बाईंनी सकाळपासून ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याने खरंच विचारलं होतं. ऐंशीची मर्यादा त्याची होती, पण तोंडाला कुलूप त्यांचं होतं.

"मर्यादा काढलीय," तो म्हणाला. "जा तू."

बाईंनी गाडी चालू केली. मास्तर जागचे हलले नाहीत.

"नको बाई. तिचा शब्द मोडून मागे मागे जायचं म्हणजे..."

"बसा आत!" आवाज इतका चढला की मावशी फाटकाच्या आत सरकली. "ती पोर अर्धा तास वाट बघत थांबली, आणि तुम्ही तिला नियम शिकवताय? अजून? नऊ वर्षांत एवढंच शिकलात? बसा, नाहीतर मी एकटी जाते. मलाही तिच्याशी बोलायचंय."

"तुम्हाला?" मास्तर गोंधळून बसले. "तुमचा काय दोष? बेल मी दिली."

बाईंनी गाडी वळवली, मोठ्या रस्त्याला लावली, आणि समोर बघतच म्हणाल्या, "ती बसमागे पळत होती, मास्तर. दोन चौक पळाली. मला आरशात दिसत होती."

मास्तरांनी खिशाचं बटण काढलं, मोबाईल बाहेर घेतला आणि मावशीला फोन लावून मुलीचा नवा नंबर मागितला.