चांगदेवाची वेगळी चिलीम

चांगदेवाने हिशेब मला तोंडी सांगितला नव्हता. पण पंचवीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाला गिऱ्हाइकाचा हिशेब त्याच्या कपाळावर वाचता येतो. स्वतःची वेगळी चिलीम घेतली की यमाजीचा खोकला आपल्या घरापर्यंत, वर्षभराच्या नातवापर्यंत यायचा नाही. तंबाखू निम्मी लागेल. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे, "यमाजी, तुझी चिलीम आता नको," हे तोंडाने म्हणावं लागणार नाही. एवढं सगळं पाच-सहा रुपयांत. सौदा वाईट नव्हता.

साल सत्त्याण्णव. डिंगोऱ्यात माझं किराणा दुकान आणि मालाला एक जुना टेम्पो. चांगदेव म्हणजे गावातलं जुनं बागायती घर. कांद्याचा पैसा आणि तो खर्च न करण्याची सवय, दोन्ही वडिलोपार्जित. यमाजी माळावरचा धनगर, चाळीस मेंढरांचा धनी. पिकं निघाली की त्याची मेंढरं चांगदेवाच्या रानात बसायची, रानाला लेंडीखत मिळायचं, यमाजीला धान्य. तो व्यवहार वर्षातल्या पंधरा दिवसांचा. पण रोज दुपारी तीनला दोघं बांधावरच्या जांभळाखाली बसून एकच चिलीम ओढत, त्याला तीस वर्षं झाली होती. चिलीम यमाजीची, तंबाखू चांगदेवाची. तंबाखू जायची माझ्याकडून, आठवड्याला शंभर ग्रॅम. गावात दोन सरपंच बदलले, तो आकडा बदलला नाही.

त्या दिवाळीनंतर यमाजीला खोकला लागला. चांगदेवाची सून शीला शहाणी पोरगी. ती सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, टीव्हीवर रोज सांगत्यात, खोकला हटला न्हाई तर टीबी असतोय. घरात ल्हान लेकरू हाय. त्यांच्या तोंडची चिलीम नका वढू." त्यात चुकीचं काही नव्हतं. पुढचं चुकलं ते चांगदेवाचं.

रविवारी जुन्नरच्या बाजारला निघालो, तर चांगदेव पुढं येऊन बसला. म्हणाला, "माळाच्या वाटंनं घे. यमाजीला बी घिऊ. मला चिलीम घ्यायचीय, त्याला त्यातलं कळतं."

मी त्याच्याकडे बघितलं. सुरी पारखायला मेंढरालाच बाजारात नेतोय राव हा, असं मनात आलं. यमाजी वाटेतच भेटला, आमच्याच गावाकडे पायी येत होता. चांगदेवाने चिलमीचं सांगितलं, तसा काही न विचारता मागं चढला.

बाजारात सरूबाई कुंभारीण पोतं अंथरून बसली होती. पणत्या, बोळकी आणि एका टोपलीत चिलमी.

"कुनाला पायजे?"

"भाऊंना," यमाजी म्हणाला.

"आन् तुमची? फुटली व्हय?"

यमाजी तोंड फिरवून, उपरण्यात तोंड घालून खोकला.

चांगदेवाने चार रुपयांची उचलली. स्वस्त वस्तू त्याच्या हाताला आपोआप लागते.

"ती ठिवा, भाऊ. अंगानं पातळ हाय. तिसऱ्या झुरक्याला तळवा भाजंल." यमाजी टोपलीपुढं उकिडवा बसला. एकेक चिलीम उचलून नखाने वाजवून बघू लागला. एक भद्द वाजली, ती ठेवली. एकीचं बूड तिरकं होतं. "तुमची मूठ बगू." चांगदेवाची मूठ उघडून त्याने चिलीम तिच्यात बसवून बघितली, बोटं एकेक करून मिटवली. सोनार बांगडीचं माप घेतो तशी. "ही जड न्हाई, हलकी बी न्हाई. सुखानं वढाल. आता दम कसा वढती त्ये..."

बोलता बोलता रिकामी चिलीम त्याने सवयीने ओठांकडे नेली. ओठांपासून दोन बोटांवर हात थांबला. मग त्याने ती खाली घेतली, उपरण्याने पुसली आणि चांगदेवापुढं धरली.

"तुमीच वढून बगा. मी न्हाई तोंड लावत."

म्हणजे त्याला कळलं होतं. टेम्पोत चढतानाच कळलं असणार.

सरूबाईने आठ सांगितले, यमाजीने भांडून सहावर आणले. चांगदेवाने शंभराची नोट काढली.

"आजून भवानी न्हाई झाली, बाबा! सुट्टं कुठनं आनू?"

यमाजीने धोतराच्या सोग्याची गाठ सोडली, पाचची चुरगळलेली नोट आणि एक रुपया काढून तिच्या पदरात टाकला. माझ्या खिशात नऊ रुपये सुट्टे होते. मी खिशात हात घातलाही होता. तो तसाच आत ठेवला. दुसऱ्याच्या सौद्यात आपण कशाला?

त्यानंतर जांभळाखाली दोन चिलमी पेटू लागल्या. यमाजी आधी हातभर सरकून बसायचा, मग बांधाच्या पलीकडे बसायला लागला. जन्मात पहिल्यांदा तो माझ्या दुकानात स्वतःची तंबाखू घ्यायला आला. पौषात एके दुपारी त्याच्या छातीत कळ आली आणि तो बांधाच्या पलीकडेच गेला, बसल्या जागी. चांगदेव अलीकडे ओढत होता. यमाजी गेल्याचं त्याला चिलीम संपेपर्यंत कळलं नाही.

आता माझ्या तराजूची गोष्ट. एकटा माणूस, एक चिलीम, तर आठवड्याला पन्नास ग्रॅम पुरायला हवी. वेगळी चिलीम झाल्यापासून पुरतही होती. यमाजीच्या दहाव्यानंतर चांगदेव आला आणि शंभर म्हणाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा शंभर.

"काय भाऊ, दुप्पट वाढला की धंदा!"

"भरतो दुप्पट. पर मला निम्मीच लागती."

"आन् निम्मी?"

"जळून जाती."

"चिलमीला चीर गेली असंल."

चीर नव्हती. त्याने ओतूरहून दुसरी चिलीम आणली, तिचंही तेच झालं. मग शीला मीठ न्यायच्या निमित्ताने आली आणि गिऱ्हाईक हटल्यावर हळूच म्हणाली, "दादाभाऊ, मामंजी चिलीम डावीकडं धरत्यात. कुनी घ्यायची वाट बगावी तशी. मग परत घेत्यात. आन् तिची छापी..." छापी म्हणजे चिलमीच्या बुडाला गुंडाळायची ओली चिंधी. "ती मी रोज कोरडी काढून ठिवते. दुपारी पिळली तर पानी निगतं. मामंजी तर तिला पानीच लावत न्हाईत. ती सवय यमाजीबाबांची."

मी तराजूवाला माणूस. वजन होत नाही त्यावर माझा विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मुद्दाम रानात गेलो. ऊन कडक होतं. वारा इतका पडलेला की कांद्याची पात हलत नव्हती. चांगदेव जांभळाखाली बसला होता. त्याने दोन झुरके घेतले, चिलीम बांधावरच्या दगडाला टेकवून ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. मी दहा पावलांवर होतो. चिलमीच्या तोंडाशी निखारा काळवंडला. मग सावकाश लाल झाला. मावळला, पुन्हा लाल झाला. दोन झुरके, मोजून. शेवटी बांधाच्या पलीकडे कुणीतरी उपरण्यात तोंड घालून खोकलं.

चांगदेव माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्याला माजं उष्टं चालतंय, दादाभाऊ. मला त्याचं चाललं न्हाई."

पुढं म्हणाला, "माज्यासंगं माळावर चल. त्याचे सहा रुपये द्यायचे ऱ्हायलेत. ते फिटलं तर जाईल."

त्याला चिलीम सोडायची नव्हती, यमाजी सुटायला हवा होता. मी गेलो. चांगदेवाने सहा रुपये बानूबाईपुढं, यमाजीच्या बायकोपुढं, ठेवले. या वेळी अगदी सुट्टे.

"कशाचं वं हे?"

"चिलमीचं. त्यानं दिलं व्हतं माज्यासाठी."

"त्यांनी मागितलं व्हतं?"

"न्हाई."

"मंग मी कशी घिऊ?" तिने पैसे त्याच्याकडे सरकवले. मग काहीतरी आठवून आत गेली आणि यमाजीचा बटवा घेऊन आली. त्यातून घडी घातलेला कागद काढून माझ्याकडे दिला. "शेठ, तेवडं वाचा. चिलमीसंगं ठिवला व्हता. रेशनचा हाय का?"

रेशनचा नव्हता. थुंकी तपासल्याचा कागद होता. क्षयाचे जंतू आढळले नाहीत, असं लिहिलं होतं. तारीख मी दोनदा वाचली. बाजारच्या रविवारआधीचा गुरुवार.

"ह्यो व्हय!" बानूबाई म्हणाली. "घोडेगावला लेकीकडं, हिराकडं गेलं व्हतं, तवा तपासून आलं. म्हनलं, भाऊंच्या घरात ल्हान लेकरू हाय, खातरी केल्याली बरी. रविवारी तुमाला दाखवायलाच निगालं व्हतं. तर वाटंत तुमचा टेम्पू."

चांगदेवाने कागद माझ्या हातातून ओढून घेतला. "मंग दाखवला का न्हाई?"

"मीबी तेच म्हनलं. तर म्हनलं, आता चिलीम घिऊन झाली. कागद दाखवला तर भाऊला लाज वाटंल."



दुसऱ्या दिवशी चांगदेव दुकानात आला, शंभर म्हणाला. मी शंभर तोलली आणि पन्नासचेच पैसे मागितले. माझ्या आयुष्यातली ही पहिली आणि शेवटची खोट. तो चिडला. "निम्मी त्याची हाय. त्याची तंबाखू तीस वर्षं मीच देतोय. तू कोन मधी?" आणि पुरे पैसे टाकून गेला.

तेव्हापासून सहा वर्षं झाली. यमाजी गेलेला नाही. चांगदेव रोज तीनला त्याला अर्धी चिलीम देतो, आणि त्याला दूर सरकून बसू नको म्हणतो, असं शीला सांगते. दोघांच्या तंबाखूचे पैसे चांगदेव देतो, आठवड्याच्या आठवड्याला, रोख. जास्तीच्या पन्नास ग्रॅमचा नफा माझ्या गल्ल्यात पडतो, तो कुणाच्या जिवावर ते मी डोळ्यांनी बघून आलोय. आणि ज्या चिलमीने यमाजीला बांधाच्या पलीकडे बसवलं, तिचे सहा रुपये यमाजीने दिले.