चष्म्यातली बाई आणि तिसगावचा मेंढीकोट

तिसगावच्या बिभीषण गर्जेला बोलका चष्मा मिळाला, तो त्यानं आयुष्यात काहीतरी करून दाखवावं म्हणून. निदान सावेडीच्या प्रतिष्ठानाचे अध्यक्ष कल्याणराव तसं माईकवरून पुन्हापुन्हा सांगत होते. बिभीषणनं पिठाची गिरणी चालवून दाखवली होती, संसार करून दाखवला होता, दोन पोरी शिकवून नांदायला धाडून दाखवल्या होत्या. आता आणखी काय दाखवायचं राहिलंय, असा विचार करत तो पहिल्या रांगेत बसला होता आणि चहा कुठवर आलाय याचा वासावरून अंदाज घेत होता.

"वेळेचा सदुपयोग!" कल्याणराव गरजले. "हा चष्मा कागद वाचेल, नोटा ओळखेल, औषधावरचं नाव सांगेल. आपल्या दृष्टिबाधित बंधुभगिनींचा यापुढे एक क्षणही वाया जाणार नाही!"

बिभीषणला प्रश्न पडला. पन्नाशीच्या माणसाचा एकही क्षण वाया जाणार नसेल, तर त्या बिचाऱ्यानं जगायचं कधी?

टाळ्या संपल्यावर जॉय साळवे त्याच्याजवळ आली. चष्मा बनवणाऱ्यांपैकीच ती एक, तरुण इंजिनिअर. कुठली काडी कशाला हे त्याला समजावून झालं आणि मग तिनं आवाज खाली आणला.

"काका, उजव्या काडीवर दोन टिचक्या मारल्या की विरंगुळा सुरू होतो. साहेबांना तो फार पसंत नाही, म्हणून सगळ्यात शेवटी ठेवलाय."

"काय काय हाय त्यात?"

"गाणी, गोष्टी. आणि पत्ते ओळखता येतात."

बिभीषणनं चहाचा कप खाली ठेवला. "पत्ते म्हंजे आपलं बदाम, इस्पिक?"

"तेच."

"पोरी," बिभीषण म्हणाला, "तुला लई पुण्य लागंल."

काचबिंदूनं डोळे जायच्या आधी मेंढीकोट खेळावा तर बिभीषणनंच, असं गावात म्हणत. चार गडी, समोरासमोरचे दोघे भिडू, ज्या जोडीनं जास्त दश्श्या ओढल्या ती जिंकली. आणि चारच्या चार दश्श्या ओढल्या की झाला मेंढीकोट, मग हरणाऱ्यानं आठवडाभर तोंड लपवत फिरायचं. गिरणीच्या मागच्या पत्र्याखाली खताची रिकामी पिशवी अंथरून हा डाव रोज रंगायचा. डोळे गेले तसं त्याच्या जागी दळायला आलेलं कुणीही बसू लागलं आणि त्याच्यासाठी बाजूला एक खुर्ची आली. बाकीचे पिशवीपाशी मांडी घालून आणि हा एकटा खुर्चीवर, लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यासारखा. पहिला चहा त्यालाच मिळायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्याला शिव्या देणं लोकांनी बंद केलं होतं.

चष्मा घेऊन तो तिसगावला परतला आणि एसटीतून उतरला तो थेट पत्र्याखाली गेला. खुर्ची उचलून त्यानं भिंतीला लावली आणि पिशवीपाशी बसकण मारली.

"पानं वाटा," तो म्हणाला. "मी खेळतोय."

भीमा त्याचा जुना भिडू, ट्रॅक्टर चालवणारा. तो आनंदानं समोर सरकला. विरुद्ध बाजूला निवृत्त शिक्षक दानीएल गुरुजी आणि पानटपरीवाला आदिनाथ. प्रत्येकानं टाकलेलं पान मोठ्यानं बोलायचं, एवढाच नवा नियम ठरला. बिभीषणनं हातातली पानं डोळ्यांसमोर धरली आणि चष्म्यातली बाई त्याच्या कानात हळूच बोलू लागली. "बदाम, सत्ती. किलवर, राणी. इस्पिक, एक्का."

इतक्या वर्षांनी इस्पिकचा एक्का हातात आलेला! बिभीषण त्यावरून नुसता अंगठा फिरवत बसला. पण एक्का कुरवाळत बसलेला माणूस पत्ते नीट खेळत नाही, त्यामुळे पहिले दोन डाव ते सपशेल हरले. बाईही नवीनच होती. पान उलटं धरलं की छक्कीला नव्वी म्हणायची. तिसऱ्या डावात मात्र बिभीषणचा हात बसला आणि त्यानं गुरुजींची बदामाची दश्शी अलगद ओढली.

गुरुजी उसळले. "मला माहीतच होतं! तुझी ती बाई माझी पानं बघतेय! भामटा आहेस तू बिभीषण, अट्टल भामटा!"

आदिनाथनं जीभ चावली. भीमा चाचरत म्हणाला, "गुरुजी, आवो, काय बोलताय? आंधळ्या मानसाला..."

"तू गप रे!" बिभीषण ओरडला. त्याचं तोंड आनंदानं लालबुंद झालं होतं. "बोलू दे त्यास्नी. गुरुजी, फिरून म्हना. काय म्हनालात?"

"भामटा!" गुरुजी म्हणाले. थोडा विचार करून त्यांनी भर घातली, "आणि पहिल्यापासूनच होतास."

त्या रात्री बिभीषणला जेवण गोड लागलं. रेश्मा, त्याची बायको, म्हणाली, "येवढं काय झालं खूश व्हायला? जिकलात का?"

"हारलो. पन गुरुजींनी लई शिव्या दिल्या."

रेश्मानं कपाळाला हात लावला.

महिनाभर असं सुखात गेलं. गिरणीतलं दळण आवरलं की पत्ते, आणि नाही आवरलं तरी पत्ते. मग एके दिवशी ऐन रंगात माशी शिंकली. तीन दश्श्या बिभीषण-भीमाच्या पदरात पडलेल्या. बिभीषणच्या हाती शेवटची दोन पानं, त्यातलं एक हुकमाचं आणि दुसरी चौकटची दश्शी. म्हणजे चौथी! उतारी गुरुजींची होती आणि त्यांनी किलवरचा राजा टाकलेला. आता हुकमानं हात मारायचा आणि शेवटी दश्शी उतरवायची. तेवढ्यात पिठाच्या धुळीनं बिभीषणला दणदणीत शिंक आली आणि पानं खाली पडली. उचलली खरी, पण कुठलं कुठलं ते कळेना. त्यानं एक पान डोळ्यांसमोर धरलं.

"आपला आजचा विरंगुळा संपला आहे," बाई गोड आवाजात म्हणाली. "कृपया एखादे उपयुक्त कार्य करा."

"आं?"

"कृपया एखादे उपयुक्त कार्य करा."

"भीमा, बघ रं, ह्यातलं हुकमाचं कुठलं?"

"भिडूनं पान सांगायचं नाही!" गुरुजी आणि आदिनाथ एका सुरात ओरडले.

बिभीषणनं तिथूनच जॉयला फोन लावला. ती बिचारी ओशाळली. "साहेबांनी कुलूप घालायला लावलं, काका. कोण चष्मा कशाला वापरतं त्याचे आकडे आले. तुमचे सगळे पत्त्यातच होते. आता आधी काहीतरी उपयोगाचं वाचायचं, मग त्या हिशेबात विरंगुळा मिळतो."

"उपेगाचं म्हंजे काय?"

"कुठलाही कागद चालेल."

"रेश्मे!" बिभीषणनं घराकडे तोंड करून हाळी दिली. "घरात काय कागद हाय का?"

रेश्मा विजेचं बिल घेऊन आली. "कवाधरनं म्हनतीया वाचा म्हनून," ती म्हणाली. "तवा डोकं दुखत हुतं."

बिभीषणनं बाईचा आवाज मोठा करून बिल वाचलं. मागची बाजूही वाचली. तिथल्या सूचना आजवर महाराष्ट्रात कोणी वाचल्या नसतील. त्या चौघांनी मान खाली घालून ऐकल्या. शेवटी बाई म्हणाली, "अभिनंदन! आपण विरंगुळा मिळवला आहे." बिभीषणनं आवाज पुन्हा बारीक करून हुकूम शोधला, राजावर आपटला आणि मागोमाग चौकटची दश्शी ठेवली. भीमानं अशी आरोळी ठोकली की गिरणीवर दळायला आलेली आक्काबाई डबा टाकून पळत आली.

तेव्हापासून पत्र्याखालच्या मंडळींना कागदांचं वेड लागलं. आदिनाथ टपरीवरच्या पुड्यांची वेष्टनं आणायचा. भीमा खताच्या पिशव्या आणि फवारणीची बाटली आणायचा. गुरुजींनी घरातल्या लग्नपत्रिका आणल्या. खाली नावं भरपूर, त्यामुळे मिनिटं चांगली मिळायची. आक्काबाई गुडघ्याला चोळायची ट्यूब घेऊन आली. बाईनं वाचून सांगितलं की हे मलम गाईच्या सडांना लावायचं आहे.

"आसू दे," आक्काबाई म्हणाली. "गुडघा बरा झालाय."

रेश्मा हे सगळं दारातून ऐकत होती. "पत्त्यापायी गाव वाचून काढलं," ती म्हणाली, "पन पोरीनं धाडलेला मेसेज वाचायला यास्नी येळ न्हाई." बिभीषणनं तो मेसेज लगेच वाचला. त्याचीही मिनिटं मिळाली, हे त्यानं तिला सांगितलं नाही.

इकडे सावेडीत आकडे पोचत होते. सगळ्या लाभार्थ्यांत जास्त उपयुक्त वाचन कोणाचं, तर तिसगावच्या गर्जेंचं! कल्याणरावांनी कार्यक्रम ठेवला, देणगीदार बोलावले आणि बिभीषणला शाल पांघरून आदर्श लाभार्थी म्हणून माईकपाशी उभं केलं.

"सांगा गर्जे, एवढं वाचनाचं वेड कसं लागलं?"

खोटं बोलायचं असं बिभीषणनं एसटीत ठरवलं होतं. पण शाल लोकरीची होती, उकाडा मरणाचा होता, आणि घाम फुटला की त्याला खोटं सुचत नसे.

"मेंढीकोटामुळं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"वाचल्याबिगर बाई पत्ते सांगत न्हाई. म्हनून वाचतो. कुलूप काढलंत तर एक अक्षर वाचायचो न्हाई."

सभागृहात कुठंतरी कोणी फिसकन हसलं. कल्याणरावांनी माईक हातानं झाकला, पण आवाज यायचा तो आलाच. "अहो गर्जे, कितीतरी माणसं चष्म्यासाठी रांगेत आहेत. देणगीदार विचारतात, चष्मा देऊन झालं काय? मी काय सांगू त्यांना, मेंढीकोट झाला?"

"व्हय, आन् चारी दश्श्यांचा."

"तुम्ही वेळ वाया घालवताय!"

"घालवतोय की. पन सायेब, तुमचा न्हाई, माझा घालवतोय. डोळे हुते तवाबी घालवत हुतो. तवा कुनी आकडे मागितले न्हाईत."

मागच्या रांगेतून एक बाईमाणूस उठलं. ती मिरजगावची मरिया, शाळेत शिकवते, तीही चष्मेवाली. "सर, मी दिवसभर मुलांच्या वह्या वाचते," ती म्हणाली. "संध्याकाळी मला शेजारणीची साडी कसली आहे ते विचारायचं असतं. तेव्हा चष्मा म्हणतो, उपयुक्त कार्य करा. मला त्याचा गळा दाबावासा वाटतो. पण चष्म्याला गळा नाही."

आता अख्खं सभागृह हसलं. देणगीदारांतले एक गृहस्थ तर जॉयला विचारू लागले, यात रमी बसवता येते का. कल्याणराव तेव्हा काही विरघळले नाहीत. त्यांनी शाल परत मागितली नाही इतकंच. पण विषय प्रतिष्ठानाच्या समितीपुढे गेला, समितीनं चहा-बिस्किटांवर वाद घातला आणि अखेर ठरलं की कुलूप राहील, पण लावायचं की काढायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

बिभीषणनं ते तत्काळ काढलं आणि मोकाट सुटला. गिरणीत दळणाचे डबे साठले. गिऱ्हाईकं हाका मारून थकली. आक्काबाई आपली बाजरी उचलून दुसऱ्या गिरणीवर गेली आणि जाताना पत्र्यापाशी थांबून बिभीषणचा असा उद्धार केला की गुरुजीसुद्धा आदरानं गप्प झाले. या वेळी बिभीषणला शिव्या गोड लागल्या नाहीत.

"कुलूप तुमच्या हाती दिलंय न्हवं?" रेश्मा म्हणाली. "मंग लावा की."

त्यानं दोन दिवस फुगून काढले आणि तिसऱ्या दिवशी लावलं. दळण संपेपर्यंत पत्ते बंद. आक्काबाईच्या घरी जाऊन तिची मनधरणीही करून आला. कल्याणरावांना हे कळू द्यायचं नाही, अशी जॉयला शपथ घातली.

पुढं ऊसतोडीचा हंगाम लागला आणि भीमा ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर गेला. समोरची जागा रिकामी राहिली. रेश्मा पदर खोचून आली आणि भीमाच्या जागेवर बसली.

"तुला येतंय का?" बिभीषणनं विचारलं.

"इतकी वरसं दारातनं ऐकतीया."

तिसऱ्याच हाताला बिभीषणनं किलवरचा एक्का टाकला. हात त्यांचाच होता, चिंतेचं कारण नव्हतं. त्यावर रेश्मानं धाडकन हुकमाचा एक्का मारला.

"आगं बये!" बिभीषण किंचाळला. "हात माझाच हुता! हुकमाचा एक्का घालवलास! डोळे असून दिसत न्हाई का तुला?"

"दिसत हुतं की," रेश्मा पानं गोळा करत म्हणाली. "मारावासा वाटला."

गुरुजी खो खो हसत सुटले. बिभीषण बराच वेळ धुसफुसत राहिला आणि रेश्मानं पुढची उतारी केली.