सेकंड बेसवर काय झालं?

लुडी ओब्लाकच्या बहिणीला सेकंड बेस दिसत नसे. कारण एक लोखंडी खांब. हेरन्स या बेसबॉल संघाच्या जुनाट स्टेडियमचं छप्पर ज्या खांबांवर उभं होतं, त्यातला एक नेमका जोसीच्या खुर्चीसमोर, जरासा डावीकडे आला होता. तिला बॅटर दिसायचा, चेंडू टाकणारा पिचर दिसायचा, भिंतीपलीकडचं सरोवरही दिसायचं, पण पळणाऱ्याने गाठायचा दुसरा टप्पा, तो सेकंड बेस, खांबामागे. म्हणून तिकडे काही घडलं की ती उजवीकडे भावाच्या खांद्यावर रेलायची आणि विचारायची, "काय झालं?"

"आऊट," लुडी म्हणायचा. "सरळ बस."

पण तेवढ्यावर थांबायचा नाही. पळणारा उशिरा का निघाला, चेंडू कुणी फेकला, त्या जागी वीस वर्षांपूर्वीचा खेळाडू असता तर काय केलं असतं आणि आपला मॅनेजर कसा गाढव आहे, हे सगळं सांगून व्हायचं. एरवी लुडी मुलखाचा घुम्या. त्याने आयुष्यभर सिटी बस चालवली आणि वाट्याला आलेले सगळे शब्द "मागे सरका, मागे जागा आहे" म्हणण्यात संपवले. लग्न केलं नाही. जोसीचा नवरा गेल्यावर ती वरच्या मजल्यावर राहायला आली, लुडी खालच्या. जिन्यात भेट झाली की तो मान हलवायचा, ती म्हणायची, "बोललास हो, पोट भरलं."

रविवारी मात्र दोघं शेजारी बसायची. दर एप्रिलला, हातमोजे घालून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन, थर्मासमधली कॉफी पीत. हेरन्स म्हणजे बगळे. आणि आमचे बगळे एका पायावर उभे राहण्यापलीकडे काही करतात असा आरोप त्यांच्यावर कुणी केला नव्हता. दर वर्षी जूनपर्यंत हंगाम बुडालेला असायचा. तरी लोक जायचे. घरचंच माणूस आजारी असलं तर भेटायला जातोच ना, तसं.

त्या वर्षी मे महिन्यात एक गोष्ट घडली. नवीन पोरगेला पिचर होता आणि सातव्या डावापर्यंत त्याने समोरच्यांना एकही हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, दिलेला नव्हता. असा अख्खा सामना निघाला तर त्याला एक नाव आहे. ते नाव सामना चालू असताना घ्यायचं नाही. नाव घेतलं की मोडलंच. हे हेरन्सच्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं. सगळं स्टेडियम मूग गिळून बसलं होतं. लुडीने कॉफीचा पेला हातात धरला होता आणि तो खाली ठेवायचीही त्याची हिंमत होत नव्हती.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला कुणी पाहुणा बायकोला मोठ्याने म्हणाला, "अगं, हा तर नो-हिटर टाकतोय!"

मागे बसणाऱ्या डेल्बर्टने डोळेच मिटले. डेल्बर्ट हेन्स म्हणजे निवृत्त पोस्टमन, त्यांचा जुना शेजारी, देवभोळा माणूस. पुढच्याच चेंडूवर फटका बसला आणि चेंडू गवतात जाऊन पडला.

लुडी उभा राहिला. "काय रे ए, तुझी जीभ काय भाड्याची आहे का? परत करून ये!"

"अहो, मी काय केलं?"

"काय केलं विचारतोय! पोराचा घास काढून घेतलास तोंडातला!"

जोसी त्याचा कोट ओढत हसत होती. "बस रे. त्या बिचाऱ्याला काय माहीत?"

"चांगलं चाललेलं असताना बोलायचं नाही," लुडी दातओठ खात म्हणाला. "काही म्हणजे काही बोलायचं नाही. एवढी अक्कल नको माणसाला?"

"बरं बाबा," जोसी म्हणाली. "लक्षात ठेवीन."

त्यानंतरच्या रविवारी जोसी आली नाही. दाढ दुखतेय म्हणाली. हेरन्स हरत आलेला सामना जिंकले. पुढल्या रविवारी ती आली, तर असे मातीत गेले की लोक पाचव्या डावातच घरी निघाले. त्याच्या पुढल्या रविवारी तिला पुन्हा बरं नव्हतं आणि बगळ्यांनी पहिल्या नंबरच्या संघाला धूळ चारली.

बस चालवणाऱ्या माणसाला रस्ता ओळखीचा वाटायला फार वेळ लागत नाही. लुडीने जिन्यात बहिणीला गाठलं. ती हातात किराण्याची पिशवी घेऊन मधल्या पायरीवर जरा टेकली होती.

"जोसी, एक बोलायचंय."

"अगं बाई! तू? स्वतःहून?"

"चेष्टा नको. तुझा पायगुण काही खरा नाही बघ."

"माझा?"

"तू आलीस की हरतात. नाही आलीस की जिंकतात. मी काय मनाचं सांगतोय का? डेल्बर्टला विचार."

जोसीला आधी हसू आलं, मग ते मावळलं. "म्हणजे मी येऊ नको?"

"आता चालू आहे तोवर. हरले की ये."

"हरले की ये," ती म्हणाली. "छान. लोक बहिणीला सणाला बोलावतात, तू हरण्याला बोलाव." मग तिने पिशवी उचलली. "जा. बगळ्यांसाठी एवढं करते."

आणि बगळे हरायलाच तयार नव्हते. हरले तरी असे अधूनमधून की त्याला हरणं म्हणता येऊ नये. जूनमध्ये वर चढले, जुलैमध्ये आणखी चढले. शहरात बेकरीवाले केकवर बगळे काढू लागले, पाद्री प्रवचनात स्कोअर सांगू लागले. लुडी तीच टोपी, तोच न धुतलेला शर्ट घालून, त्याच दाराने आत जायचा, शेजारची खुर्ची रिकामी ठेवायचा आणि तिच्यावर कुणी कोट टाकला तर उचलून हातात द्यायचा. त्या खुर्चीत नसणं हे आता जोसीचं काम होतं आणि ती ते चोख करत होती. वरच्या खिडकीत रेडिओ लावून बसायची. तो भुईमुगाच्या शेंगांची पुडी आणून तिच्या दारात ठेवायचा.

तिचे कपडे सैल दिसायला लागले, हे त्याने पाहिलं नाही असं नाही.

"बारीक झालीस," तो एकदा म्हणाला.

"अक्रोडाची पोळी सोडली. डॉक्टरने सांगितलंय."

"बरं केलंस," लुडी म्हणाला आणि स्टेडियमला गेला.

ऑगस्टच्या शेवटी ती स्वतःच खाली आली. डोक्याला निळा रुमाल, उन्हाळ्यातही अंगावर स्वेटर. लुडी शर्ट घालत होता. तोच तो शर्ट.

"लुडी, आज मी येऊ का? एकदाच. हवा छान आहे."

लुडीच्या तोंडचं पाणी पळालं. हेरन्स आणि त्यांच्या पाठीवरच्या संघात तेव्हा एका विजयाचं अंतर होतं. "आज? आज नेमकं? अगं, आजच्या सामन्यावर सगळं आहे."

"एक डाव बघून निघेन. मागे उभी राहीन."

"स्टेडियमच्या आत आलीस म्हणजे आलीसच की. असं कर, ऑक्टोबरात ये. गटात पहिले आले की ऑक्टोबरचे अजिंक्यपदाचे सामने मिळतील, मग ये. मी तुला गाडीतून नेईन, हात धरून वर चढवीन. मग काय पायगुणाचं? जिंकून झालेलं असेल."

जोसी दारात हात टेकून उभी होती. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं होतं. मग तिने भावाचा चेहरा पाहिला. म्हातारपणी त्यावर असा उजेड आलेला तिने कधी पाहिला नसावा.

"ऑक्टोबर," ती म्हणाली. "चालेल. शर्ट तेवढा धू रे, वास वरपर्यंत येतो."

"हंगाम संपल्यावर," लुडी म्हणाला आणि निघाला. हेरन्स जिंकले.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ते गटात पहिले आले. लुडीच्या हयातीत हे पहिल्यांदाच घडत होतं. शेवटचा आऊट सेकंड बेसवर झाला, धुळीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. लुडी रडला. डेल्बर्टने मागून त्याला मिठी मारली, दोन म्हातारे एकमेकांच्या पाठीवर बुक्क्या मारत राहिले.

"जोसी कुठाय? एवढं सगळं झालं आणि ती कुठाय?" डेल्बर्ट ओरडत होता. "तिच्या त्या 'काय झालं' शिवाय मला करमत नाही बुवा!"

"आणतो," लुडी म्हणाला. "ऑक्टोबरात आणतो."

तो जिना धापा टाकत चढला. जोसी कोचावर आडवी होती, रेडिओवर अजून आरडाओरडा चालू होता. दारापाशी एक छोटी बॅग भरून ठेवली होती.

"ऐकलंस? ऐकलंस का?"

"ऐकलं. अभिनंदन, लुडी."

"बॅग कसली?"

"उद्या हॉस्पिटलात जायचंय. या वेळी ठेवून घेणार म्हणतात."

"या वेळी म्हणजे?"

तेव्हा तिने सांगितलं. दाढ कधीच दुखत नव्हती. मे महिन्यातच कळलं होतं, पोटात होतं आणि पसरलं होतं. ती बसने एकटी जाऊन औषधं टोचून घेत होती आणि परत येऊन खिडकीत रेडिओपाशी बसत होती.

लुडीने डोक्यावरची टोपी काढली. "मग बोलली का नाहीस? एका घरात राहतो आपण! एक शब्द बोलली असतीस!"

"चांगलं चाललेलं असताना बोलायचं नाही," जोसी म्हणाली. "तूच त्या माणसावर केवढा ओरडलास. मला वाटलं, मी बोलले आणि ते हरायला लागले तर? तुला आयुष्यात एक उन्हाळा मिळाला होता."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साधेपणाने सांगत होती. तिला ते खरंच वाटत होतं, कारण तीही हेरन्सचीच होती.

ऑक्टोबरचे सामने त्यांनी हॉस्पिटलच्या खोलीत ऐकले. लुडीकडे दोन्ही खुर्च्यांची तिकिटं होती. त्याने ती डेल्बर्टला दिली आणि खुर्ची ओढून पलंगाशी बसला. हेरन्स पहिला सामना हरले. दुसराही हरले. तिसऱ्यात पुढे होते आणि मग पोरगेल्या पिचरचा चेंडू भिंतीबाहेर गेला. निवेदकाचा आवाज पडला. लुडीने रेडिओ बंद केला.

"बघ," जोसी उशीवरून म्हणाली. तिला बोलायला कष्ट पडत होते, तरी ती हसत होती. "मी तुझ्या शेजारी बसले आणि तीनही हरले. तुझं बरोबर होतं रे. माझा पायगुणच तसा."

"नाही," लुडी म्हणाला. "नाही, जोसी. मी मूर्ख आहे. असं काही नसतं."

"असतं असतं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

त्याने तिला पुढेही रोज समजावलं. असं काही नसतं, मी गाढवासारखा बोललो, हरायचेच होते ते. ती मान हलवायची. पण हेरन्सच्या माणसाला ते पटवणं शक्य नाही, हे लुडीला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त माहीत होतं. नोव्हेंबरात, पहिला बर्फ पडायच्या आत, ती गेली. आपल्यामुळेच हरले असं मनात घेऊन गेली.

एप्रिलमध्ये लुडी पुन्हा स्टेडियमला गेला. डेल्बर्टने ओढूनच नेलं म्हणा ना. शर्ट धुतलेला होता. दोन खुर्च्यांपुढे उभा राहिला तेव्हा त्याला आपल्या खुर्चीत बसवेना, शेजारची रिकामी बघत अख्खा सामना काढवेना. म्हणून तो जोसीच्या खुर्चीत बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

खांब खरोखर मधे येत होता. सेकंड बेस झाकलेला होता, तिने काही खोटं सांगितलं नव्हतं. दुसऱ्या डावात पहिल्या बेसवरचा पळणारा एकदम सेकंड बेसकडे सुटला. लुडी सवयीने पुढे वाकला, पण समोर नुसतं रंग उडालेलं लोखंड. मग तो उजवीकडे कलला, ती कलायची तसाच.

सेकंड बेस दिसला. पांढरी उशी, तिच्यावर झेपावलेला माणूस, हात पसरून उभा अंपायर, सगळं लख्ख दिसलं. फार कलावंही लागलं नाही. त्याच्या खांद्यापर्यंत डोकं गेलं की खांब बाजूला व्हायचा.

लुडी तसाच कललेला राहिला. म्हणजे तिला दिसत होतं. दर रविवारी, दर वर्षी, खांद्यावर रेलून ती आधी सगळं बघायची आणि मग विचारायची. आणि तो "आऊट" म्हणून सुरू व्हायचा, मॅनेजर गाढव आहे इथपर्यंत बोलत राहायचा, आणि ती ऐकत बसायची. बेसबॉलसाठी ती येतच नव्हती. त्याच्या बोलण्यासाठी येत होती. आणि शेवटचा उन्हाळा त्याने तिला रेडिओपाशी बसवलं होतं.

"काय झालं?" मागून डेल्बर्टने विचारलं. त्याचा चष्मा धुक्याने भरला होता. "लुडी, अरे, काय झालं?"

लुडीला सांगता येईना.